कोरा आवाज

"अहो, हळदीचं गाणं लावून काय कळणार? मला गायचंय, नाचायचं नाहीये," उज्वला म्हणाली.

दिनेशला ऐकू गेलं नाही. जाणार कसं? शालिमार चौकातल्या त्या वाद्यांच्या दुकानात त्यानं आपला मोबाईल जोडून स्पीकरची आणखी एक जोडी धडधडवायला घेतली होती, आणि छातीवर हात ठेवून बेस किती बसतो ते बघत होता. लग्नाच्या मांडवात साउंड लावण्यात त्याचा जन्म गेलेला. तेव्हा स्पीकर आपणच निवडायचे, असं त्यानं घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं. गाणार कोण, तर त्याची बायको. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बाया नाशकात पुष्कळ आहेत, पण उज्वलाचं 'सावधान' मांडवावर कसं तरंगत राहतं, हे इंदिरानगरपासून पार इगतपुरीपर्यंत लोक कौतुकानं सांगतात.

म्हणून तर तिचा जीव चडफडत होता. पुण्याच्या एका रेकॉर्डिंगवाल्यांना स्तोत्रांसाठी नवा आवाज हवा होता. तिनं घरून पाठवलेलं गाणं दोनदा परत आलं, आणि दोन्ही वेळा निरोप एकच. इको नको, कोरा आवाज पाठवा. आता रविवारपर्यंत गेला नाही तर ते दुसरी बाई घेणार होते. दिनेश म्हणाला, आपला लग्नाचा मिक्सर जुना झालाय, त्यातला इको बंदच होत नाही. तिला ते पटलं. नवऱ्याच्या धंद्यातलं नवऱ्याला कळतं, एवढा विश्वास कोणती बायको टाकत नाही? मग घरी रेकॉर्डिंगसाठी नवं सामान घ्यायचं ठरलं. माईक कॉम्प्युटरला जोडायला इंटरफेस, आणि रेकॉर्ड झालेलं नीट ऐकायला मॉनिटर स्पीकर. त्यापायी सकाळपासून नुसतं डोकं उठलं होतं.

दुकानाचे मालक धनराजशेठ जेवायचे थांबले होते. शेवटी त्यांनी हळदीचं गाणं स्वतःच बंद केलं आणि मागच्या फळीवरून दोन लहानसे स्पीकर काढून काउंटरवर ठेवले.

"ताई, तुम्ही स्वतःच गाऊन बघा ना. हे मॉनिटर आत जे येईल तेवढंच ऐकवतात, पदरचं काही घालत नाहीत."

"त्यात काय दम आहे?" दिनेश मधेच म्हणाला. "शेठ, ते मोठेच बांधा. आणि इंटरफेस कुठला पण द्या. दुकानात कशाला गायला लावता तिला, लोक ये-जा करतायत."

हजार माणसांच्या मांडवात गाणाऱ्या बाईला हा दुकानातल्या चार माणसांची लाज सांगत होता. उज्वलानं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिनं माईक हातात घेतला आणि मंगलाष्टकाची शेवटची ओळ म्हटली. 'सावधान' नेहमीसारखं वर नेऊन लांबवलं. मग धनराजशेठनी रेकॉर्ड झालेलं लावलं.

ओळ चांगली आली होती. वर गेल्यावर मात्र सूर जरा थरथरला आणि केसभर खाली येऊन बसला. बेसूर नव्हे, कणसूर.

"परत लावा," ती म्हणाली.

परत तेच.

"हा इंटरफेस खराब आहे. दुसरा जोडा."

शेठनी दुसरा जोडला. ती पुन्हा गायली. तिथंच सूर उतरला. मग तिसरा जोडायला लावला. तिथंच. आता दुकानातल्या सगळ्या यंत्रांनी संगनमत केलं होतं असं तर नव्हे. तिनं नवऱ्याकडे मान वळवली. दिनेश बाहेर रस्त्याकडे बघत उभा होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"अगं, लग्नात एवढं कोण ऐकतं? वर जातेस तेव्हा जरा इको सोडला की भरून निघतं. लोक खूश, तू पण खूश."

"आपल्या मिक्सरचा इको बंद होतो?"

"होतो," तो म्हणाला.

"कधीपासून चाललंय हे?"

दिनेशनं मान खाजवली. "पहिल्यापासून. सटाण्याला त्या लग्नात आपली ओळख झाली ना, तेव्हापासून. तू खाली उतरून विचारायला आलीस, कसं झालं म्हणून. इतकी खूश होतीस. नंतर कसा काढू मी तो इको?"

त्यानं ते प्रेमानं केलं होतं, हे तिला तिथल्या तिथं कळलं, आणि त्यामुळे तिचा राग आणखीच वाढला. तेव्हा कुणी टोकलं असतं तर ती कुणाकडे तरी शिकायला बसली असती. गळा कोवळा होता, वळला असता. इतकी वर्षं लोकांनी वाहवा केली ती अर्धी मिक्सरच्या बटणाची होती, आणि ती वेडी वर मान करून मिरवत राहिली.

शेठनी घड्याळाकडे बघितलं. "मग कुठले बांधू?"

"मोठे," दिनेश म्हणाला.

"हे लहान," उज्वला म्हणाली. "इंटरफेस यातला कुठलाही द्या, सगळे सारखेच आहेत."

"आणि रविवार?" दिनेशनं विचारलं.

"रविवारचं राहू दे. ते घेतील दुसरी बाई."

दिनेश तिच्या जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वेडी आहेस का? हे घरात ठेवलेस तर रोज उठून तुला हेच ऐकावं लागेल."

"ऐकीन," ती म्हणाली. "घरात कुणीतरी सांगायला नको का?"