सरळ माझ्याकडे

"पर्यटक गोळा करायला पुढे, आणि किनाऱ्यावर एक जीवरक्षक नेमायला तुमचे हात मोडले होते का?" दवाखान्याच्या व्हरांड्यात पोहण्याच्या मास्तरांनी नगरपालिकेच्या साहेबाला फैलावर घेतलं. "माझी पोर बुडता बुडता वाचली. कोण देणार जबाब?"

मग मास्तर ऐटीतच लेकीच्या खाटेपाशी गेले. "चांगला झाडला त्याला."

"बाबा," ती बसलेल्या आवाजात म्हणाली, "पाणी आत ओढायला लागलं, तशी मी किनाऱ्याला समांतर, आडवी पोहायला लागले. त्या ओढीतून जवळजवळ सुटलेच होते."

मास्तरांचा चेहरा उतरला. तिच्याकडे बघायची त्यांना हिंमत होईना.



"तुमचं ऐकून वळले, बाबा. 'सरळ माझ्याकडे ये' असं का ओरडलात तुम्ही?"