लिफ्टसमोरची रांगोळी

"पहाटेपासून बसून काढलीय, मैत्रिणींनो. कंबर पार मोडली!" समोरच्या फ्लॅटमधली शर्वाणी लिफ्टपुढच्या रांगोळीशेजारी तयार नऊवारी चढवून मोबाईलकडे बघत हसत होती.

कुमुदकाकू आपल्या दाराच्या जाळीआडून ऐकत होत्या. त्यांच्या चिमटीला अजून जांभळा रंग होता. मोडलेली कंबरही त्यांचीच होती. गणपतीत ही बया त्यांचं नाव सांगायला 'विसरली' होती, दसऱ्यालाही विसरली. आणि आज चक्क स्वतःच काढली म्हणते?

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लक्ष्मीपूजनासाठी आणलेली कोरी केरसुणी त्यांनी उचलली, दार उघडलं आणि चालू कॅमेऱ्यासमोर कमळं, वेली, पणत्या सगळं झाडून एका राखाडी ढिगात लोटलं. शर्वाणी रडत घरात पळाली.

दिवसभर काकूंना कसं हलकं वाटलं. सोऱ्यातून चकलीसुद्धा न तुटता पडली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात शर्वाणी, मोबाईल पुढे धरून. पडद्यावर काकू पुन्हा पुन्हा केरसुणी फिरवत होत्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शेजारची खाष्ट म्हातारी'.

"काकू, लाखो लोकांनी बघितलं हो! माझं आजवर एवढं काहीच चाललं नव्हतं." तिनं काकूंच्या हातात रंगांची नवी पिशवी कोंबली. "उद्या पाडव्याला पण काढाल ना? जरा मोठी काढा. पुसताना छान दिसेल."