रविवारचा पाऊस

नाइटेने पडद्यावरचे पावसाचे आकडे तिसऱ्यांदा वरपासून खालपर्यंत पाहिले. रविवारी सहा, सोमवारी सहा. पुढच्या आठवड्यात रविवारी एकवीस, सोमवारी एकवीस. कुठलंही वर्ष उघडावं, तेच. बत्तीस वर्षांत एकही रविवार आपल्या सोमवारपेक्षा मिलिमीटरभर कमी नाही की जास्त नाही. पाऊस इतका शिस्तीचा असता तर आणखी काय हवं होतं!

इतके दिवस ती महिन्यांच्या बेरजा करत आणि मोठ्या पावसाचे दिवस मोजत बसली होती, आणि बेरजा चोख जुळत होत्या. रोजचे आकडे वारासकट एकाखाली एक मांडले ते आज, शनिवारी दुपारी. परवा सकाळी बेटावरच्या पांगाईहून विमान, मग आणखी तीन विमानं बदलून व्हिएन्ना. जगभरचे हवामानवाले तिथे जमणार होते आणि तिच्या निबंधाचा सगळा तोरा एका वाक्यावर होता: एका माणसाने, एका बेटावर, बत्तीस वर्षं एकही दिवस न चुकता मोजलेला पाऊस. निबंधावर नावं दोनच. एक तिचं, दुसरं त्या माणसाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं.

वडील, फिलिमोने, मागच्या पडवीत खवणीवर बसून नारळ खवत होते. उद्याच्या जेवणाची अळूची पानं शेजारी धुऊन पसरली होती. उद्या रविवार, म्हणजे चर्च आणि जेवण, बाकी काही नाही. टोंगात रविवारी विमानसुद्धा उडत नाही. म्हणून लोसालिने आत्या आजच भाचीची बॅग भरायला बसली होती. मोठ्यांच्या मानासाठी कंबरेला गुंडाळायची बारीक विणीची चटई तिने सगळ्यात वर ठेवली.

"ही बांधल्याशिवाय त्या मोठ्या लोकांसमोर उभी राहू नकोस गं," ती आतून ओरडली. "त्यांना काही कळायचं नाही, पण मला इथे बसून कळेल!"

बापाला जाब विचारायची रीत या बेटावर नाही. नाइटे चाळिशीची झाली, पण मान राखायचा म्हणून वडिलांच्या ताटातलं उरलेलं तिने कधी खाल्लं नव्हतं, की त्यांच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. ती पडवीत गेली आणि त्यांच्या पायाशी खाली बसली.

"बाबा, रविवारी तुम्ही पावसाचं भांडं बघत होतात ना?"

खवणीवरचा हात थांबला.

"रविवारी? रविवारी मी काम कसं करीन, नाइटे? त्याच दिवशी चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहून मी गावाला सांगतो, आज हात जोडायचे, हात चालवायचे नाहीत."

"मग रविवारचा आकडा?"

"सोमवारी भांड्यात दोन दिवसांचं साठलेलं असायचं. ते निम्मं निम्मं करून लिहायचो." ते परातीतल्या खोबऱ्याकडे बघत राहिले. "पहिल्या महिन्यात चौकोन कोरेच ठेवले होते. पण हवामान खात्याला कागद पाठवायची वेळ आली तेव्हा मला ते बघवेनात. वाटलं, वरचे म्हणतील, हा माणूस आळशी आहे. एकदा भरले, मग भरतच गेलो."

नाइटेला रडू आलं. तिचा निबंध धो धो कोसळलेल्या दिवसांचा होता, ते दिवस किती वाढले याचा. आणि रविवारच्या आसपास कोसळलेला प्रत्येक मोठा पाऊस वडिलांनी अर्ध्यात कापून दोन साध्या सरींचा करून टाकला होता. असे सोळाशेच्या वर रविवार.

आत्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती फिलिमोनेंची थोरली बहीण. या घरात तिचा शब्द शेवटचा, मग भाऊ कितीही म्हातारा होवो.

"एवढंच ना?" आत्या म्हणाली. "मग गप्प बसा दोघंही. व्हिएन्नाचा कोण शहाणा इथे येऊन आपले रविवार तपासणार आहे?"

"मला माहीत आहे ना, आत्या."

"मग अंदाज होता म्हणून सांग."

"अंदाज करायला पाऊस बघावा तरी लागतो, ताई," फिलिमोने म्हणाले. "मी डोळे मिटून प्रार्थना म्हणत होतो. ते आकडे खोटे आहेत. देवाची एक आज्ञा पाळायला मी दुसरी मोडली, आणि बत्तीस वर्षं समजत राहिलो की दोन्ही पाळतोय."

नाइटेने डोळे पुसले. "रविवार-सोमवार काढून टाकते. उरलेल्या पाच दिवसांवर निबंध उभा राहतो का बघते. नाहीच राहिला, तर तिथे जाऊन तसं सांगेन."

"आणि हे कुणी केलं, तेही सांगशील?" आत्याचा आवाज चढला. "अगं, उद्या चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना आहे. बापाचं नाव परदेशात छापून येणार म्हणून अख्खं गाव मिरवतंय. ते नाव काढ. आकडे कुठल्या तरी जुन्या वहीत सापडले म्हण. मी सांगतेय म्हणून काढ!"

आत्याने सांगितलं म्हणजे विषय संपला. नाइटेने आतून संगणक आणला, मांडीवर घेतला आणि दुसऱ्या नावापाशी आली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. नाव नसलं की बाबांना कुणी काही बोलणार नव्हतं.

"ठेव ते," फिलिमोने म्हणाले.

आत्या गर्रकन वळली. सत्तर वर्षांत या भावाने तिचा शब्द एकदाही मोडला नव्हता.

"ठेव, नाइटे." त्यांनी खोबऱ्याने माखलेले हात पुसले. "नाव काढलंस, तर हे खोटं कुणी लिहिलं ते त्या लोकांना कळणार कसं?"