झीज शून्य

सर्जनने पाठवलेल्या बरणीत आमच्याच चाचणीत पास झालेल्या बनावटीचा कृत्रिम सांध्याचा गोळा होता. एका पोस्टमनच्या खुब्यातून तीन वर्षांतच काढावा लागलेला. झाकण उघडलं तसा सरांनी नाकाला रुमाल लावला. धातूवर काळा, चिकट लगदा होता आणि त्यात त्या माणसाच्या मांसाची एक चिंधी. आमच्या झिजेच्या प्रयोगशाळेत नियम साधा आहे: नमुना धुवायचा, वाळवायचा, मगच तोलायचा, जेवढं वजन घटलं तेवढी झीज. पण चार वर्षांपूर्वी असाच गोळा यंत्रावर महिनाभर घासून झाला, तेव्हा सर म्हणाले होते, "धूत कसली बसतेस? तसाच तोल." चिकटलेल्या काळ्या किटणाने घटलेलं वजन भरून काढलं, झीज शून्य निघाली, आणि अहवालावर सही मी केली. नोकरी नवी होती. आज मी गोळा चिमट्यात धरून धुवायला निघाले, तर रुमालाआडून तोच आवाज आला, "धूत कसली बसतेस?" "सर, याला माणूस चिकटलाय." "नमुना म्हण. ठेव काट्यावर." ठेवला. आकडे थरथरले, थांबले. नव्या गोळ्यापेक्षा वजन जास्तच भरलं. सरांनी रुमाल खिशात घातला आणि चक्क हसले. "बघ, उलट वाढलंय! झीज शून्य. कर सही." मी गोळा उचलला आणि ओलाच्या ओला टेबलावरच्या अहवालावर ठेवला, सहीच्या जागी.