शेवटची उघडी नोंद

बटण पुन्हा खाली घसरलं होतं. टीमच्या प्रमुख बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचं ॲप एका प्रकारच्या फोनवरून दुसऱ्या प्रकारच्या फोनवर न्यायचं काम होतं. आठ महिने सगळे त्यात पिचले होते. दोनशे बारा दोष निघाले, दोनशे अकरा मिटले. हा एक मिटत नव्हता. ‘आमच्याविषयी’ या पानावर, जे कोणी उघडतही नाही, मागे जायचं बटण नखभर खाली बसायचं. सोमवारी बाईंनी ते स्वतः वर घेतलं. मंगळवारी ते खाली. बुधवारी पुन्हा तेच.

गुरुवारी त्यांनी बदलांची यादी उघडली. रोज संध्याकाळी, त्या घरी गेल्यावर, एकच माणूस बटण खाली करत होता. मास्तर!

मास्तर टीममध्ये सगळ्यात जुने. त्यांची बायको शेजारच्याच टेबलावर ॲप तपासायची. पाच महिन्यांपूर्वी ती वारली. हा दोष तिनेच लिहिलेला होता : ‘बटण घसरलंय. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, मास्तर?’

बाई तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेल्या.

“मास्तर, चेष्टा लावलीय का? उद्या ॲप द्यायचंय. तिकडे ग्राहक माझं डोकं खातोय, आणि इकडे तुम्ही रोज माझ्या कामावर पाणी ओतताय!”

“हो, मॅडम.”

“हो काय? का पण?”

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“गेलेल्या माणसाच्या नावावर एखादी नोंद उघडी असेल, तोवर ऑफिस त्याचं खातं बंद करत नाही. तिची ही शेवटची. ही मिटली की खातं बंद. मग तिने लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर तिचं नाव जाऊन ‘माजी कर्मचारी’ येणार. तिची बोलणी मी अजून रोज वाचतो, मॅडम. माजी कर्मचाऱ्याची कशाला ऐकून घेऊ?”

बाई जागेवर परतल्या. ग्राहकाला द्यायचं पत्रक अर्धवट पडलं होतं. ‘शिल्लक दोष’ या रकान्यात त्यांनी लिहिलं : एक. त्याला कोणीही हात लावू नये.