उलटे वेढे

बाईंनी नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायला घेतली. हा सातवा रविवार. आधीचे सहाही रविवार त्यांचा नळ गळला होता.

समोरच्या स्टुलावर मिस्त्री बसले होते. चाळीस वर्षं शहराचे गळके नळ बंद करून आता ते घरी होते, आणि घरचा नळ गळला की सून फोनवरून दुसराच मिस्त्री मागवायची. रविवारी सकाळी मात्र ते या सभागृहात नळदुरुस्ती शिकवत, आणि लोक त्यांना काहीबाही विचारत.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपलं काम आपण'. कोणाची गरज पडू नये म्हणून दर रविवारी चाळीसेक माणसं इथे एकत्र जमत. दाराशी साबण, मधे बुटांचे तळ शिवणं, खिडकीत डब्यातले टोमॅटो आणि पार टोकाला, मोरीजवळ, नळ. नियम एकच होता. जमलं, की जागा सोडायची आणि आपल्या गल्लीत चार जणांना शिकवायचं. बँकेतले एक निवृत्त साहेब दुसऱ्याच रविवारी पास होऊन गेले. त्यांच्या गल्लीत तेव्हापासून पाणी कमी दाबाने येतं, असं ऐकिवात होतं.

संयोजक मुलगी वही घेऊन आली. गोड होती, कामसू होती आणि नियमाला पक्की होती. तिने बाईंना हलक्या आवाजात सांगितलं की नळासाठी सव्वीस जण थांबले आहेत. आज जमलं तर आनंदच. नाही जमलं, तर पुढच्या रविवारपासून बाईंचं नाव तिने साबणात घातलं आहे. साबण सोपा असतो, आणि गळत नाही.

"बरं," बाई म्हणाल्या.

म्हणजे जमलं तरी बाईंचं हे स्टूल जाणार होतं, आणि नाही जमलं तरी जाणार होतं.

बाईंनी तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं होतं. सुईत दोरा ओवताना त्या सुईकडे बघत नसत, मागच्या बाकाकडे बघत. आताही टेप अगदी घट्ट बसत होती, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, सुरकुती म्हणून नाही. फक्त दिशा उलटी होती. नळ आवळायला घेतला की टेप सुटत जाणार आणि पाणी यायचं ते येणार.

मिस्त्री बघत होते. टेप उलटी गुंडाळणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण ते सगळे घाईघाईने, चुरगाळून गुंडाळत. इतकं चोख चुकायला हात तयार लागतो, हे दुसऱ्याच रविवारी त्यांच्या लक्षात आलं होतं.  तिसऱ्या रविवारपासून ते थर्मासमध्ये एकाऐवजी दोन कप चहा आणू लागले, एवढंच.

बाईंच्या घरी चार नळ होते आणि चारही ठणठणीत होते. स्वयंपाकघरातला एक पूर्वी दिवसरात्र टपटपायचा. घराला तेवढीच सोबत होती. पहिल्या आठवड्यात सरावाच्या भरात बाईंनी तोही दुरुस्त करून टाकला होता.

वेढे संपले. बाईंनी लांब दाराशी चाललेल्या साबणाकडे एकदा पाहिलं आणि नळ पाइपात बसवून आवळला.

मुलीने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि पाणी सोडलं. सगळे थांबले. पहिला थेंब हवामानाच्या अंदाजावर पडला. मग दुसरा.

"असू दे, मावशी," मुलगी म्हणाली आणि तिने पेनाचं टोपण काढलं.

"थांब जरा," मिस्त्री म्हणाले. "चूक त्यांची नाही. माझी आहे."

मुलीने मान वर केली.

"मी डावखुरा. आणि बाई बसतात समोर. डावऱ्याचं काम समोरून बघून शिकायचं, म्हणजे आरशात बघून दुसऱ्याचा भांग पाडण्यातली गत." त्यांनी पाणी बंद करून नळ सोडवला आणि लोंबणारी टेप तिच्यासमोर धरली. "हे बघ. गुंडाळलीय झकास. फक्त उलटी. सात रविवार वाया घालवले मी त्यांचे."

नियमांत डावखुऱ्या शिक्षकाची सोय नव्हती. मुलीने वहीचं पान पुढे उलटलं, मागे उलटलं, आणि मग आता काय करायचं असं विचारलं.

"आता पहिल्यापासून. शेजारी बसवून."

किती रविवार लागतील, हेही तिने विचारलं. वहीत तेवढा रकाना होता.

मिस्त्रींनी नळाकडे बघत बराच विचार केला. "उलटी लागलेली सवय लवकर सुटत नाही. त्यातून बाई हुशार आहेत, म्हणजे जरा जास्तच लागतील."

मुलीने साबणातलं नाव खोडलं. सव्वीस जणांना काय सांगायचं, हे तोंडातल्या तोंडात जुळवत तिने वही मिस्त्रींपुढे सहीला ठेवली.

बाई उठल्या होत्या. त्यांनी स्टूल उचललं आणि मिस्त्रींच्या शेजारी आणून ठेवलं, मधे थर्मास मावेल इतकंच अंतर सोडून.

मिस्त्रींनी पेन घेतलं आणि पहिलं अक्षर काढलं, ठसठशीत, चाळीस वर्षांच्या सवयीचं. मग ते थबकले. पेन उजव्या हातात होतं.

मुलगी पेनाकडेच बघणार, तेवढ्यात बाईंनी कपात चहा ओतला आणि मिस्त्रींच्या उजव्या हातापुढे धरला.

"चहा घ्या आधी," त्या म्हणाल्या. "गरम आहे, नीट धरा."

मिस्त्रींनी उजव्या हातात कप धरला आणि पेन डाव्या हातात घेतलं. बाकीचं नाव पहिलीतल्या पोराने लिहावं तसं उमटलं, वाकडंतिकडं, ओळ सोडून शेजारच्या स्टुलाकडे कलत गेलेलं.