त्याईचं झाड

सत्तावीस झाडांची नावं बुधरीबाईनं धडाधड सांगितली आणि अठ्ठाविसाव्या झाडापाशी येऊन ती अडली. झाड तिच्याच अंगणातलं. पिवळ्या फुलांनी डवरलेलं, मधमाश्यांनी घुमणारं. शेंड्यावर धनेशाची जोडी येऊन बसली होती. खाली बाजेवर तिचा म्हातारा नवरा पडून होता आणि त्याच्या अंगावर फुलं पडत होती.

"हे त्याईचं झाड," बाजेकडं बोट दाखवून एवढंच ती बोलली.

झाडांची नावं नोंदवायला अहेरीहून आलेली इकरा फोन पुढं धरून उभी राहिली. गावातून नवा रस्ता जाणार होता. ज्या झाडाचं गावातलं नाव घरच्या माणसाच्या आवाजात नोंदवलं जाईल ते तुटणार नाही, असं ग्रामसभेनं ठरवलं होतं. नोंदीचा आज शेवटचा दिवस. पुस्तकात या झाडाला बिबला म्हणतात, हे इकराला ठाऊक होतं, पण पुस्तकातलं नाव चालत नव्हतं.

आता बाईनं सांगावं तरी कसं? झाडाचं नाव बिजा आणि नवऱ्याचंही बिजाच! तो जन्मला तेव्हा सासूनं हे रोप लावलं आणि दोघांना एकच नाव दिलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं बुधरीला लहानपणापासून बजावलेलं. पंचेचाळीस वर्षं ती त्याला 'आयकता का' म्हणत आली. गाव त्याला आजा म्हणायचं. नावानं हाक मारायची ती एकटी सासू, आणि तिला जाऊन तीस वर्षं झाली.

दोन वर्षांपासून म्हातारा हरवला होता. होता समोरच, पण 'आयकता का' म्हटलं तरी मान वळवत नसे, आजा म्हटलं तरी नाही. बोलणं तर बंदच, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. या झाडाखाली बाज टाकली तरच दोन घास खायचा, घरात नेलं की तोंड मिटून घ्यायचा. बाईचा जीव तिळतिळ तुटायचा.

इकराची अम्मीही अब्बांना नावानं हाक मारत नसे. म्हणून इकरानं जोर केला नाही. फोन मात्र चालूच ठेवला.

"नाव घेतलं तं हे जातीन, नाई घेतलं तं झाड जाईन. मी काय करू, पोरी?"

बाईनं वर पाहिलं, मग बाजेकडं पाहिलं. झाड गेलं तर यांनी जेवायचं कुठं? तिनं डोक्यावर पदर ओढला, बुंध्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. नुसतं नाव सांगायचं होतं, पण तोंडातून निघाली ती हाकच.

"बिजा!"

बाज करकरली. म्हातारा उठून बसला होता. केसांत फुलं तशीच होती.

"आलो वं, माय."